बेट, घर आणि देशीपणाचा प्रश्न

मराठीत 'बेट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग हा एक, आणि एका कंदातून फुटत जाऊन दाट वाढलेला बांबूचा समूह हा दुसरा. भंडारा जिल्ह्यात शिकवताना हा दुसरा अर्थच आधी पुढे येतो. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'वरील तासाला अंदमानचा उल्लेख मी 'बेट' असा केला, तेव्हा एका विद्यार्थिनीने "मॅडम, बेट म्हणजे बांबूचं ना?" असे विचारले होते. वर्ग हसला, मीही हसले. तो प्रश्न वाटला तितका भाबडा नव्हता, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले. पाण्याच्या बेटाचा आशय तुटलेपणाचा आहे, बांबूच्या बेटाचा रुजण्याचा. मराठी साहित्याने आणि समीक्षेने पहिल्या अर्थाचेच भांडवल केले. समुद्रापलीकडे जाऊन तेथेच घर करणाऱ्या मराठी माणसांविषयी आपल्याला फारसे काही म्हणता आलेले नाही, याचे एक कारण या एकांगी अर्थग्रहणात आहे, असे मला वाटते.

आधुनिक मराठी जाणिवेतील बेटाची प्रतिमा प्रामुख्याने सावरकरांनी घडवली. 1909 मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या 'सागरा, प्राण तळमळला' या कवितेत समुद्र हा मातृभूमीपासून तोडणारा आहे. 1911 च्या जुलैमध्ये सावरकर अंदमानात पोहोचले, 1921 मध्ये त्यांना मुख्य भूमीवर आणण्यात आले. 'माझी जन्मठेप' (1927) आणि 'काळे पाणी' (1937) ही त्या अनुभवाची दोन साहित्यरूपे. बेट म्हणजे शिक्षा हे समीकरण त्यातून इतके दृढ झाले की 'काळे पाणी' हा शब्दप्रयोग आज कोणत्याही नकोशा बदलीच्या जागेसाठीही सहज वापरला जातो. वास्तविक 1858 मध्ये सुरू झालेल्या त्या वसाहतीत ठरावीक वर्षे काढलेल्या बंदिवानाला तुरुंगाबाहेर राहून शेती वा व्यवसाय करण्याची, लग्न करण्याची मुभा मिळू शकत असे. त्यांच्या मुलानातवंडांचा एक समाज तेथे उभा राहिला. अंदमानात हिंदीचा प्रसार व्हावा म्हणून सावरकरांनी केलेले प्रयत्न या समाजाच्या भवितव्याचा विचार केल्याशिवाय समजणार नाहीत. म्हणजे शिक्षेच्या या ग्रंथाच्या पोटात वसाहतीचाही एक ग्रंथ आहे. आपण तो कधी शिकवला नाही.

दुसरी प्रतिमा प्रवासवर्णनांची. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'मध्ये बाली येते ती प्रसन्न कुतूहलाने. पण प्रवासी आणि बंदिवान यांत एक साम्य असते. दोघांचीही नजर परतीकडे लागलेली असते. बंदिवान सुटकेचे दिवस मोजतो, प्रवासी सुट्टीचे. परत न येणाऱ्या माणसाचे बेट या दोन्ही रूपबंधांत मावत नाही.

असा परत न आलेला मराठी माणूस मॉरिशसमध्ये आहे. हे बेट क्षेत्रफळाने आपल्या भंडारा जिल्ह्याच्या साधारण निम्मे. 1835 मध्ये तेथील गुलामगिरी संपुष्टात आली आणि उसाच्या मळ्यांसाठी मजुरांची गरज भासू लागली. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, 'अ‍ॅटलस' जहाजाने कलकत्त्याहून 36 करारबद्ध मजूर पोर्ट लुईला नेले होते. इतिहासग्रंथांत त्यांना 'धांगर' म्हटलेले आढळते, आणि मराठी वाचक तेथे हमखास ठेचकाळतो. ते आपल्याकडचे धनगर नव्हेत, छोटा नागपूरच्या डोंगरांतले आदिवासी होत. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसे या वाटेने गेली. बहुसंख्य भोजपुरी मुलखातली, त्याखालोखाल मद्रास बंदरातून गेलेली. मुंबईमार्गे गेलेल्यांचा वाटा लहान, आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतील माणसे प्रमुख. ज्या बंदरातून जहाज सुटले त्या बंदराच्या नावाने नोंदवहीत माणसांची वर्गवारी होई. मजुराचे एकेरी नाव आणि बापाचे नाव एवढीच ओळख लिहिली जाई, आणि पुढे त्यांतलेच एखादे नाव घराण्याचे आडनाव होऊन बसे. भिवाजी, रामजी ही तेथे आडनावे आहेत. आपल्याकडे गावावरून आडनाव पडते, तेथे माणसावरून पडले. गाव मागे राहिले होते, तेव्हा दुसरे काय होणार?

आज हा समाज मॉरिशसच्या लोकसंख्येत जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहे. त्याची घरची भाषा बहुतांशी क्रिओल आहे. मराठी शाळेत शिकण्याची भाषा झाली, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे अध्यापन होते. 1991 मध्ये जागतिक मराठी परिषद मॉरिशसला भरली. अशा प्रसंगी येथून जाणाऱ्याच्या तोंडी दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: दीडशे वर्षांनंतरही यांनी गणपती टिकवला हे कौतुक, आणि यांना धड मराठी बोलता येत नाही ही हळहळ. दोन्हींमागची भूमिका एकच आहे. त्या समाजाकडे आपण आपल्या ठेवीचा सांभाळ करणारा विश्वस्त म्हणून पाहतो. त्याने स्वतः काय केले, हा प्रश्न आपण विचारत नाही.

त्याने काय केले हे पाहायचे तर पुस्तकांच्या कपाटाकडे नव्हे, अंगणाकडे पाहावे लागेल. गणेशोत्सवात तेथे जाखडी नाचली जाते. ही जाखडी म्हणजे कोकणातला बाल्या नाच. मध्ये गाणारे आणि ढोलकी-मृदंग वाजवणारे, भोवती पायांत घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. लग्नाआधीच्या गाण्याबजावण्याच्या रात्रीला मॉरिशसमध्ये 'गमत' म्हणतात, आणि तो शब्द एकट्या मराठी समाजापुरता राहिलेला नाही. भंडाऱ्याच्या वाचकाला येथे 'खडी गंमत' आठवल्यावाचून राहणार नाही. उभ्याने सादर होणारी, नाच्या, शाहीर आणि सवालजवाब असलेली ही आपल्याकडची रात्रभराची कला. या दोन्ही शब्दांचे कुळ एक आहे असा माझा दावा नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच की भाषा झिजत गेल्यावरही प्रयोग उभा राहतो, कारण त्याची संहिता अर्धी शब्दांत असते आणि अर्धी पावलांत. कोकणातल्या शक्ती-तुऱ्याचा आणि आपल्याकडील कलगी-तुऱ्याचा वाद कागदावर उतरवला तर त्यातले निम्मे हरवते, हे या भागात लोककलांवर काम केलेला प्रत्येक अभ्यासक जाणतो. मॉरिशसमधल्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात मराठीचा स्वतंत्र विभाग असतो, हेही या दृष्टीने योगायोगाचे मानता येत नाही.

हिंदीला मॉरिशसने अभिमन्यु अनत हा कादंबरीकार दिला. 'लाल पसीना' (1977) ही करारबद्ध मजुरांच्या जीवनावरील त्यांची कादंबरी अभ्यासक्रमांतही गेली. तशा तोलाचे नाव तेथील मराठीतून आपल्याकडे आले नाही. संख्याबळ हे त्याचे उघड कारण आहे. पण मराठी समीक्षेने साहित्य या संज्ञेत ग्रंथापलीकडचे काही धरायचे नाही असे ठरवले, तर त्या समाजाच्या वाट्याला केवळ 'अभाव' हे वर्णन येते. झाडीबोलीच्या वाट्याला हे वर्णन अनेक वर्षे आलेले आहे. दंडार आहे, लेखन नाही. बोली आहे, वाङ्मय नाही. म्हणून या प्रश्नावर झाडीपट्टीतून बोलण्यात थोडे स्वहितही आहे, हे कबूल केलेले बरे.

खरा सैद्धांतिक पेच यापुढे सुरू होतो. भालचंद्र नेमाडे यांनी 'साहित्यातील देशीयता' या निबंधात मांडलेली आणि 'टीकास्वयंवर' (1990) मधून सर्वत्र चर्चिली गेलेली भूमिका भूमीला केंद्रस्थानी ठेवते. साहित्यकृतीची मुळे तिच्या भूमीत, तेथील परंपरेत असावी लागतात. परभृत आधुनिकतेच्या भ्रमातून मराठी समीक्षेला बाहेर काढण्याचे मोठे काम या भूमिकेने केले. त्याचे ऋण माझ्या पिढीला नाकारता येणार नाही. मात्र मॉरिशस या विचाराला एक अवघड जागा दाखवते. डच तेथे 1598 मध्ये उतरले तेव्हा त्या बेटावर माणूसच नव्हता. पुढे फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रज आले, त्यांच्यामागून भारतीय मजूर. म्हणजे तेथे मूळनिवासी कोणीच नाही, सगळेच आलेले. अशा ठिकाणी देशी कोण? भूमी आधी आणि परंपरा नंतर हा क्रम येथे उलटतो. परंपरा बरोबर आणलेली आहे, भूमी तिच्यातून घडवायची आहे. देशीपण हा वारसा न राहता ती एक कृती होते. देशीवाद यामुळे खोटा ठरतो असे नव्हे. पण 'भूमी' या त्याच्या संकल्पनेत वाहून नेता येणारा अंश किती, हे त्याला सांगावे लागेल.

बेटांवरच्या लेखकांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला दिसतो. मार्तिनिकच्या एदुआर ग्लिसाँ यांनी एकाच खोल मुळाऐवजी आडव्या पसरणाऱ्या कंदाची प्रतिमा स्वीकारली. मॉरिशसचे कवी खल तोराबुल्ली यांनी 1992 मध्ये 'कुलीपणा'ची संकल्पना मांडताना प्रवाळाचा आधार घेतला. मराठीला इतके दूर जाण्याची गरज नव्हती. कंद आणि द्वीप हे दोन्ही आपल्या एकाच शब्दात कधीपासून नांदत आहेत. बांबूच्या बेटातून कंदाचा एक तुकडा खणून दुसरीकडे लावला की तो तेथे स्वतःचे बेट करतो. ते जुन्याचे पुनरावर्तन नसते, आणि परकेही नसते.

येथे एक सावधगिरी हवी. रुजण्याची ही कथा फार गोड करून सांगता येत नाही. मराठी वस्तीची जुनी ठिकाणे ज्या पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यात पळालेल्या गुलामांनी आसरा घेतलेला ल मोर्नचा डोंगर आहे. मजूर जेथे उतरत तो आप्रवासी घाट 2006 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, ल मोर्न 2008 मध्ये. दोन दुःखांची ही दोन स्मारके एका लहानशा बेटावर आहेत. आपल्या कौतुकाच्या लेखांत पहिल्याचा उल्लेख कधीतरी येतो, दुसऱ्याचा सहसा येत नाही. ज्या क्रिओल भाषेने मराठी घरांतून मराठीला बाहेर काढले म्हणून आपण हळहळतो, ती या दुसऱ्या दुःखातून जन्मलेली आहे, आणि त्या घरांतल्या नातवंडांची ती आज मातृभाषा आहे. घर करण्यात शेजारही येतो.

नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (1961) या त्रिनिदादमधील कादंबरीची चर्चा आपल्याकडे मुळांपासून तुटलेल्या माणसाची शोकांतिका म्हणून करण्याची सवय आहे. मोहन बिस्वासचा ध्यास मात्र भारत नाही. त्याला त्या बेटावर स्वतःच्या मालकीचे एक घर हवे आहे, आणि कर्जात बुडालेले, डुगडुगत्या जिन्याचे का होईना, ते त्याला मरणापूर्वी मिळते. त्या कादंबरीतला विनोद आणि करुणा दोन्ही या हट्टातून येतात. विस्थापनाचे साहित्य म्हटले की आपण लगेच 'मागे काय राहिले' हे शोधू लागतो. पुढे काय उभे राहिले, विटा कोठून आल्या, छप्पर कोणी शाकारले, या प्रश्नांना आपल्या परिभाषेत जागाच नाही.

ही उणीव समुद्रापलीकडच्या विषयापुरती नाही. 1988 मध्ये पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले, आणि नंतरच्या वर्षांत या जिल्ह्यातली गावेच्या गावे पाण्यासाठी उठली. नव्या वसाहतींना जुन्या गावाचेच नाव देऊन पुढे 'पुनर्वसन' हा शब्द जोडला जातो. बससुद्धा त्याच नावाच्या थांब्यावर थांबते. तेथून येणारे विद्यार्थी आता माझ्या वर्गात आहेत. त्यांच्या आजोबांना बुडालेल्या शिवाराची गाणी येतात, त्यांना नव्या गावठाणाच्या ओट्यावर होणारी दंडार ठाऊक आहे. यंदा बेटाचे दोन अर्थ मी फळ्यावर लिहिले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने विचारले की पाणी चढले आणि गाव वर सरकले, तर ते कोणत्या अर्थाचे बेट. तास संपत आला होता. फळा तसाच ठेवून आम्ही पुढच्या तासाला तेथूनच सुरुवात केली.