‘जीर्ण’ लिहिण्याआधी

मुंबईच्या बीडीडी चाळींवर संशोधन-प्रस्ताव लिहायला बसलात, की पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य आपोआप उतरतं : ‘इमारती जीर्ण झाल्याने पुनर्विकास अपरिहार्य आहे.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं.

या वाक्यात दोन दावे एकमेकांना चिकटवलेत. इमारत खराब झाली, हा एक. ती दुरुस्त होणारच नाही, हा दुसरा. पहिला मोजता येतो. 1920च्या दशकातल्या या चाळी काँक्रीटच्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो, पीएच साधारण 13वरून 9च्या खाली येतो, सळईवरचं संरक्षक आवरण जातं. मग गंज फुगतो आणि छताचे पोपडे पडायला लागतात. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडा. गुलाबी झालं तर अल्कता शाबूत. रंगच आला नाही, तर ती गेली. पण तो थर सळईपर्यंत पोचलाय का, सळई किती झिजली, हे बघितल्याशिवाय दुसऱ्या दाव्यावर बोलता येत नाही. तिथे पुढे खर्च येतो, आणि काम चालू असताना माणसं कुठे राहणार हेही.

आमच्या देवणीकडे हा फरक फोडून सांगावा लागत नाही. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपानंतर जास्त पडझड झालेली गावं हलवली, कमी पडझड झालेल्या गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाला अनुदान दिलं. एकच भूकंप, उत्तरं दोन. फक्त तिथे घर राहणाऱ्याचं होतं. चाळीतली खोली सरकारची. ती रिकामी केली, की भाडेकरूच्या हातात उरतो पात्रतेचा कागद. म्हणून ‘इतक्या कुटुंबांचं पुनर्वसन’ हा आकडा जपून वापरा. तो पात्र ठरलेल्यांपासूनच मोजायला सुरुवात करतो.

फ्रान्समध्ये बोर्डो शहरात लाकाटोन आणि वासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसोबत 530 सार्वजनिक सदनिका पाडल्या नाहीत. बाहेरून काचेच्या बाल्कन्या जोडून वाढवल्या, तेही भाडेकरू आत राहत असताना. उदाहरण मोहात पाडणारं आहे. पण चाळीतली खोली 160 चौरस फूट, संडास सामाईक. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं मालकीचं घर. भाडेकरूला तेच हवं असेल, तर आपलं जतनप्रेम त्याच्यावर लादायचा आपल्याला काय अधिकार?

ते वाक्य मी खोडलं. जागी दोन प्रश्न लिहिले : कोणता भाग दुरुस्त होत नाही, आणि ते कोणत्या मोजणीवरून? खोली रिकामी होण्याच्या आदल्या दिवशी तिथे कोण कोण राहत होतं? दुसऱ्यासमोर मार्गदर्शकांनी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘डेटा कुठून आणणार?’

अजून शोधतोय.