खडबडीतपणाचा गुण

'खडबडीत' हा शब्द आपण बहुधा दोष दाखविण्यासाठीच वापरतो. रस्ता खडबडीत, हात खडबडीत, एखाद्याची भाषा खडबडीत. पण ज्यांच्या घरी जाते होते, त्यांना याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत झाले की दाणे निसटू लागतात आणि पीठ भरड पडते. मग पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागते. दगड खडबडीत, म्हणून पीठ मऊ! टाकी लावणे हे मात्र कसबाचे काम; घाव उथळ आणि सारखे पडावे लागतात. खडबडीतपणा आणि ओबडधोबडपणा एक नव्हेत. बोलीचे कौतुक करताना हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

बहिणाबाई चौधरींची गाणी आम्ही याच दृष्टीने वाचतो. जळगावकडच्या या निरक्षर शेतकरी स्त्रीची गाणी पुत्र सोपानदेव यांच्यामुळे टिकली आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तकरूपाने आली. आली ती त्यांच्या बोलीतच. 'पाणी' नव्हे, 'पानी'. 'माणूस' नव्हे, 'मानूस'. दळणाच्या गाण्यात त्यांनी जात्याला 'घरोट' म्हटले आहे. तेथे 'जाते' हा शब्द घालून पाहावा. अर्थ राहतो, पण दगडाची घरघर थांबते. अनोळखी शब्द वाचकाला अडवितो, आणि अडल्यामुळेच वाचक ऐकू लागतो. काही शब्दांचे अर्थ कोणाला तरी विचारावे लागतात, हे खरे. ती किंमत आम्हांस जास्त वाटत नाही.

पूर्वी मात्र वाटली होती. काही वर्षांपूर्वी वसईकडच्या एका आजींनी सांगितलेली सामवेदी बोलीतील लग्नाची गाणी आम्ही उतरवून घेतली. छापण्यापूर्वी, वाचकांची सोय म्हणून, क्रियापदे प्रमाण मराठीत आणली. दोन-तीन शब्द 'सभ्य' केले. छापलेली पाने घेऊन मोठ्या हौसेने त्यांच्या घरी गेलो. नातीने ती वाचून दाखविली. आजींनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले आणि गाणी चांगली आहेत, पण ती कोणाची, असे विचारले.

दुरुस्ती छापावी म्हणून आम्ही मूळ कागद शोधले. पक्की प्रत तयार झाल्यावर ते आम्हीच टाकून दिले होते. आजी आता नाहीत.