डोळ्यांची मोजदाद आणि नजरेची तालीम

एरिक रेमंड यांचा ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ हा निबंध १९९७ मध्यें प्रथम वाचला गेला आणि १९९९ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. यंत्रविद्येवरील लेखन सहसा वाङ्मयाच्या पंक्तीस बसत नाहीं, हें बसतें. संगणकाची आज्ञावली चार कारागिरांनीं बंद दाराआड रचावी, कीं भरबाजारांत सर्वांसमक्ष, असा त्यांतील वाद आहे. आणि लेखकाचा कौल बाजारास आहे. पाहणारे पुष्कळ असले म्हणजे दोष फार काळ लपत नाहींत, हें त्यांतील मुख्य प्रमेय. भाषा ठसकेबाज आहे, अनुभवही स्वतःचा आहे. तथापि एक उणीव दाखविणें आम्हांस अवश्य वाटतें. लेखकानें डोळे मोजले. परंतु परक्याचें काम तपासण्याची नजर नवख्यास कशी येते, याचा फारसा विचार केला नाहीं.

मुक्त आज्ञावलींत कोणीही दुरुस्ती सुचवूं शकतो. मात्र स्वीकारण्यापूर्वीं ती दुसऱ्यानें तपासावी, असा दंडक असतो. हें काम मुद्रितशोधकाचें आणि टीकाकाराचें एकत्रच आहे. आतां एक उदाहरण घेऊं. ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीवर जगांतील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता अवलंबून असते. तींत २०११ च्या अखेरीस एक सदोष भर पडली. ती तपासलीही गेली होती. दोष उघडकीस आला तो एप्रिल २०१४ मध्यें. पलीकडचा संगणक ‘माझा मजकूर इतका लांब’ म्हणे, आणि इकडचा तो न मोजतां तितकी अक्षरें परत करी. मजकूर अपुरा पडला कीं स्वतःच्या स्मृतींतील गुपितें त्यांत भरी. आमच्या यवतमाळच्या वाचकांस सांगावयाचें तर, कापसाची गाडी काट्यावर न चढवितां चिठ्ठीवरील वजनाचे पैसे मोजावे, तसा हा प्रकार. ‘गाडी काट्यावर कां चढविली नाहीं?’ हें विचारण्यास पांडित्य लागत नाहीं. उलट जाणत्यास तो प्रश्न पुष्कळदां सुचत नाहीं, कारण काटा झालाच असेल असें तो गृहीत धरतो.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीनें अशाच एका प्रकल्पांत, ‘ही किंमत शून्य आली तर काय होईल?’ असें भीत भीत विचारलें होतें. आधीं नीट वाचून या, एवढेंच उत्तर आलें. प्रश्न बरोबर होता कीं चूक, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. ती पुन्हां तिकडे फिरकली नाहीं. ‘आधीं शीक, मग बोल’ असें आम्हींही त्या वेळीं म्हटलें. तें आतां मनास सलतें.

नवख्यांच्या प्रश्नांनीं जाणत्यांचा वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो वेळ न दिल्यास काय होतें, तें २०२४ मध्यें दिसलें. ‘एक्सझेड’ नांवाच्या आज्ञावलीचा भार एकट्या थकलेल्या माणसावर होता. मदतीस आलेल्या एका अनोळखी इसमानें सुमारें दोन वर्षें विश्वास संपादून तींत चोरवाट ठेवली. यंत्रांत प्रवेश होण्यास अर्धा सेकंद अधिक कां लागतो, हें कुतूहल आंद्रेस फ्रॉइंड यांस वाटलें, म्हणूनच ती सांपडली. नवागतास दार उघडल्याचें हें फळ, असें कोणी म्हणेल. आम्हांस उलट दिसतें. त्या दारावर लक्ष ठेवणारा दुसरा कोणी तयारच झाला नव्हता.

मग करावें काय? कापसाचा शिकाऊ पारखी पहिल्या दिवशीं निकाल देत नाहीं. तो जाणत्याशेजारीं उभा राहतो, बोटांनीं धागा ओढून पाहतो आणि आपला अंदाज बोलून दाखवितो. तसेंच नवख्यास लहान दुरुस्ती द्यावी. निवाडा न मागतां ‘येथें काय समजलें नाहीं?’ एवढेंच विचारावें. चुकल्यास कारण सांगावें. आणि तपासणाऱ्यांत त्याचें नांव नोंदवावें. लिनक्सच्या गाभ्यांत अशी नोंद करण्याची चाल आहेच.

रेमंड यांचा बाजार आम्हांस आवडतो. परंतु बाजारांत नुसती गर्दी असून भागत नाहीं. मालास हात लावणाऱ्या पोराच्या हातावर जेथें चापट बसते, तेथें पारखी निपजत नाहींत.