अहिल्या : एका नावाची उकल

जून महिन्यात शाळेच्या रजिस्टरात नव्या मुलांची नावे चढवीत होतो. एका मुलीला घेऊन तिची आजी आली. नाव विचारले, तर म्हणाली, "अहिल्या." शेजारी बसलेले एक गृहस्थ हसून म्हणाले, "शिळा झालेल्या बाईचे नाव कशाला ठेवलेत, आजी?" म्हातारी ताडकन उत्तरली, "कसली शिळा? परळीचं देऊळ जिनं नीट केलं तिचं नाव हाय हे!"

गृहस्थ गप्प झाले. माझ्या डोक्यात मात्र ते नाव घोळत राहिले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. कादंबरीतल्या पात्रांची बारशी करण्यापलीकडे नावांशी माझा संबंध नाही. तरी वाचकहो, या नावाचे जे अर्थ लावले गेले ते एकदा तपासून पाहावे असे वाटले.

मूळ शब्द 'अहल्या'. त्यातला 'हि' आपल्या मराठी जिभेचा. उत्तरकांड सांगते की 'हल' म्हणजे कुरूपता. ती जिच्यात नाही ती अहल्या. म्हणजे नाव चेहऱ्यावरून पडले! कुमारिल भट्टांनी अहल्या म्हणजे रात्र आणि इंद्र म्हणजे सूर्य असे ठरविले. सूर्य उगवला की रात्र विरते, एवढीच ती गोष्ट. युक्तिवाद चतुर आहे. पण त्यात अब्रू वाचते ती इंद्राची, अहल्येची नव्हे. रवींद्रनाथांनी 'हल' म्हणजे नांगर धरला आणि तिला न नांगरलेली भूमी म्हटले. हा अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि तोच सर्वांत खटकतोही. आमच्या बालाघाटाच्या माळावर पडीक रान वांझ नसते. पाऊस पडला की त्यावर गवत येते, शेळ्या चरतात. नांगराची वाट बघत ते बसलेले नसते.

आणि ती शिळा? वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या दगड होतच नाही. वारा भक्षून, राखेत पडून, कोणाच्याही दृष्टीस न पडता ती आश्रमात राहते. राम येतो तेव्हा रामलक्ष्मण तिचे पाय धरतात. शिळा आणि तिला लागणारे रामाचे पाऊल हे मागाहून आले. कीर्तनांतून, चित्रांतून आपल्या मनात तेच घट्ट बसले. कोणी कोणाचे पाय धरले, हे इतके उलटे व्हावे याचे मला राहून राहून नवल वाटते.

1725 साली चौंडीला माणकोजी शिंद्यांच्या घरी मुलगी झाली. चौंडी आमच्या शिवेपासून फार लांब नाही. नाव ठेवताना घरच्यांसमोर पुराणातलीच अहल्या असणार; दुसरी होती कोण? त्या मुलीने 1767 पासून 1795 पर्यंत माळव्याचा कारभार पाहिला, काशीचे विश्वनाथमंदिर पुन्हा उभारले, परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार केला. तेव्हापासून आमच्या भागात हे नाव शापाशी जोडून कोणी घेत नाही. धनगरांच्या वाड्यांवर तर घराआड एक अहिल्या सापडते. 2024 मध्ये सबंध अहमदनगर जिल्ह्याला तिचे नाव मिळाले. कोशातला अर्थ कोशातच राहिला. एका बाईने आपल्या वागण्याने नाव नव्याने लिहिले. पंडितांनी लावलेल्या तिन्ही अर्थांपेक्षा म्हातारीचा अर्थ मला खरा वाटतो. शब्द कोठून आला हे तिला ठाऊक नाही. तो कोणाचा आहे हे मात्र पक्के ठाऊक आहे.

दसऱ्यानंतर त्या मुलीचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातील. म्हातारी नातीला मागे ठेवून घेणार म्हणते. सध्या पोर पाटीवर आपले नाव गिरवते. 'अहि' झटकन काढते आणि 'ल्या'पाशी रोज अडते.