फिनलंडची नोंदवही आणि क्लोझापिन

आज आपण एकच अभ्यास नीट वाचू. २००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये यारी टीहोनेन आणि सहकाऱ्यांनी फिनलंडमधल्या ६६,८८१ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष असा, की क्लोझापिन घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी. आता गंमत बघा. याच फिनलंडमध्ये १९७५ साली या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले होते!

अभ्यासाचं मोठेपण आधी मान्य करू. औषधचाचणी बहुधा काहीशे रुग्णांवर, थोडे आठवडे चालते. आत्महत्येचा धोका असलेले त्यातून बरेचदा वगळतात. मृत्यू तिथे दिसणार कसा? देशाच्या नोंदवहीत मात्र सगळे येतात.

पण आमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, रुग्णालयात दाखल असताना झालेले मृत्यू कोणत्याच औषधाच्या खात्यावर धरले नाहीत. टीकाकारांनी हे लगेच दाखवलं. दुसरा, सात ते अकरा वर्षं औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी, असं म्हटलंय. अहो, सात वर्षं औषध घ्यायला सात वर्षं जगावं लागतं! औषधामुळे जगला, की जगला म्हणून औषध घेत राहिला? तिसरा, क्लोझापिन घेणाऱ्याचं रक्त नियमित तपासतात, म्हणजे त्याच्याकडे कुणीतरी वारंवार बघतं. मग श्रेय गोळीचं, की त्या बघण्याचं?

टीहोनेन यांच्या गटाने पुढे पद्धत सुधारली, हे सांगायलाच हवं. २०१७ साली स्वीडनच्या २९,८२३ रुग्णांत त्यांनी प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली: औषध चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा. क्लोझापिन आणि दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनं घेताना पुन्हा दाखल होणं कमी आढळलं. यामुळे माणसामाणसांतला फरक गळून पडतो. तरी माणूस तोच असला, तरी त्याची वेळ तीच नसते. आजार उसळू लागला म्हणूनही गोळी सुटते ना?

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच: नोंदवही समूहाबद्दल बोलते, तुमच्या घरातल्या एकाबद्दल नाही. तिच्यावरून डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारा. पण ती वाचून, किंवा आमचं हे बोलणं ऐकून, कुणाची गोळी परस्पर बंद करू नका.