वस्तुनिष्ठ प्रश्नांची भाषा : मूडलवरील मराठी प्रश्नरचनेची चिकित्सा

परीक्षेतील प्रश्न हा भाषिक व्यवहाराचा एक चमत्कारिक प्रकार आहे. नित्याच्या व्यवहारात विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते. परीक्षेत ते त्याच्याजवळ आधीच तयार असते. त्याला जाणून घ्यावयाचे असते ते उत्तर देणाऱ्याचे ज्ञान. म्हणून प्रश्नाची भाषा सदोष असली, तर जे मोजावयाचे ते बाजूला राहून भलतेच काही मोजले जाते. संगणकीय मंचांवर चाचण्या घेण्याचा प्रघात आता आपल्या विद्यापीठांतून रूढ झाला आहे. परंतु त्यांतील मराठी प्रश्नांकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले जाते असे दिसत नाही. ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी मूडल हा मंच घेतला आहे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी तो निर्माण केला व त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्ञान हे परस्परसंवादातून घडते, ही त्याच्यामागील भूमिका. चाचणी रचताना अध्यापक प्रथम प्रश्नपेढीत वर्गवारीनुसार प्रश्न साठवितो व मग त्यांतून निवड करतो. बहुपर्यायी, सत्य-असत्य, जोड्या, लघूत्तरी, गाळलेल्या जागा, निबंध असे अनेक प्रकार तेथे उपलब्ध आहेत. निबंध वगळता यांतील बहुतेकांचे गुणांकन यंत्रच करते. आणि आपल्या चिकित्सेचा विषय नेमका तेथे सुरू होतो.

प्रथम बहुपर्यायी प्रश्न घेऊ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी वाचनचाचणीसाठी योजिलेला हा प्रकार परीक्षकापरीक्षकांतील मतभेद टाळण्यासाठी पुढे आला. आपल्याकडे अध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा जून २०१२ पासून सर्वस्वी याच स्वरूपाची झाली; तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्याला तो टाळता येण्याजोगा नाही. मात्र त्याचा साचा इंग्रजीतून आला आणि वाक्यरचनेचा विचार न करता आपण तो जसाच्या तसा उचलला. इंग्रजीत अपुरे वाक्य क्रियापदाशी थांबविता येते व प्रत्येक पर्याय ते पूर्ण करतो. मराठीचे क्रियापद अंती येते. ‘लीळाचरित्राचे संकलन ____ यांनी केले’ असे लिहिताच रिकामी जागा वाक्याच्या पोटात जाते. पर्याय वाचताना वाचकाला वाक्याचे शेपूट स्मरणात धरून मागे-पुढे करावे लागते. ‘लीळाचरित्राचे संकलन कोणी केले?’ हा सरळ प्रश्न मराठीच्या प्रकृतीशी जुळतो. नकारार्थी प्रश्नांतही हाच अडथळा संभवतो. ‘नाही’ हा शब्द वाक्याच्या अखेरीस येत असल्यामुळे घाईच्या वाचनात तो निसटतो. तो ठळक अक्षरांत छापावा, अथवा प्रश्नच होकारार्थी करावा.

याहून गंभीर दोष लिंगवचनाचा आहे. ‘ज्ञानेश्वरीची रचना ज्या प्रकारात झाली ती ____ होय’ असा प्रश्न करून ओवी, अभंग, दोहा, फटका असे पर्याय दिले, तर ‘ती’ या एका सर्वनामाने उत्तर फोडलेच. चारांपैकी ओवी तेवढी स्त्रीलिंगी! छंदशास्त्राचा गंध नसलेला परंतु मराठी ज्याची मातृभाषा आहे असा विद्यार्थी येथे पूर्ण गुण मिळवील. उलट, परिश्रमाने मराठी शिकलेला अन्यभाषिक विद्यार्थी अधिक जाणूनही कदाचित अडखळेल. ‘ज्ञानेश्वरीचा छंद पुढीलपैकी कोणता?’ असे विचारल्यास सुसंवाद ‘छंद’ या शब्दाशी साधतो व पर्यायांचे लिंग निष्प्रभ होते. विशेषण, क्रियापद, षष्ठीचा प्रत्यय या सर्वांत लिंग प्रकट करणाऱ्या आपल्या भाषेत असे सूचक जागोजागी दडलेले असतात. प्रत्येक प्रश्न त्या दृष्टीने तपासून घेणे अगत्याचे आहे.

‘वरील सर्व’ या पर्यायाची गोष्ट निराळी. ‘वरील’ हे स्थानदर्शक पद आहे. त्याचा अर्थ कागदावरील जागेवर अवलंबून असतो. मूडलमध्ये पर्यायांचा क्रम प्रत्येक विद्यार्थ्यासाठी बदलण्याची सोय आहे. ती चालू ठेवली, तर ‘वरील सर्व’ हा पर्याय एखाद्याच्या पडद्यावर सर्वांत वर जाऊन बसतो आणि त्याच्या वर काहीच उरत नाही.

लघूत्तरी प्रश्नाकडे वळताना एक कबुली देणे प्राप्त आहे. व्याकरणाच्या एका चाचणीत ‘दरी’ या शब्दाचे अनेकवचन मी विचारले होते. एका विद्यार्थिनीने ‘दऱ्या’ असे लिहूनही तिला शून्य गुण मिळाला. ती तक्रार घेऊन आली, तेव्हा “टंकनात काही चूक केली असशील, यंत्र कशाला चुकेल?” असे मी तिला सांगितले. पुढे तिचे उत्तर व माझे उत्तर अक्षरशः समोरासमोर ठेवले, तेव्हा चूक माझी असल्याचे ध्यानी आले. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त चिन्ह जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त चिन्ह व त्यापुढे एक अदृश्य संयोजक चिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्राला ती दोन निरनिराळी अक्षरमाला. कोणत्या कळपाटावर कोणती उमटेल हे विद्यार्थ्याच्या हाती नसते. मी उत्तरांच्या यादीत दुसरे रूप घातले, मंचावरील फेरगुणांकनाची सोय वापरली आणि तिची क्षमा मागितली.

या अर्ध्या ‘र’ची उपेक्षा करून चालणार नाही, दर्या व दऱ्या, आचार्यांना व आचाऱ्यांना या जोड्यांत तो अर्थभेदक आहे. उत्तरात तारांकन घातले असता त्या जागी कोणतीही अक्षरे चालतात, ही मूडलची दुसरी सवलत. परंतु ‘द*या’ असे लिहिल्यास ‘दऱ्या’बरोबर ‘दर्या’, ‘दया’ आणि ‘दुनिया’ यांनाही पूर्ण गुण पडतील! तेव्हा संभाव्य रूपे एकेक करून नोंदविणे, हाच मार्ग उरतो.

लघूत्तरी प्रश्नाचा नमुना भरताना रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे भिन्न मानावीत काय, असे मंच विचारतो. ऱ्हस्वदीर्घाविषयी मात्र तो मौन पाळतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार ‘कवी’ असे लिहावयाचे. परंतु जुन्या ग्रंथांत वाढलेला विद्यार्थी ‘कवि’ लिहील. प्रश्न शुद्धलेखनाचा असेल, तर ते चूक. साहित्याचा असेल, तर त्यासाठी गुण कापणे अन्याय. हा विवेक यंत्रापाशी नाही. प्रत्येक पर्यायी उत्तराला स्वतंत्र गुणांश व अभिप्राय देण्याची सोय मात्र आहे, आणि तिचा उपयोग करणे आपल्या हाती आहे.

गाळलेल्या जागांच्या पद्धतीला विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये शास्त्रीय रूप दिले. ठरावीक अंतराने एकेक शब्द वगळणे हे तिचे सूत्र. इंग्रजीत शब्द हे एकक पुरेसे आहे. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द वगळला, तर नाम, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय व पुढील नामानुसार बदललेला प्रत्यय अशा चार गोष्टी एकदम वगळल्या जातात. विद्यार्थी चुकला, तर नेमका कोठे चुकला हे कळत नाही. मूडलमध्ये रिकामी जागा मजकुरात कोठेही ठेवता येत असल्याने आपल्याला शब्दाऐवजी रूपिका हे एकक स्वीकारता येईल.

या अडचणींमुळे लिहिण्याचे प्रश्न सोडून केवळ बहुपर्यायीच घ्यावेत, असा एक पक्ष आहे. तो मला मान्य नाही. चार रूपांतून ‘दऱ्या’ ओळखणे आणि ते रूप स्वतः सिद्ध करणे या भिन्न क्षमता आहेत. भाषेच्या विद्यार्थ्याकडून दुसरीची अपेक्षा आपण सोडू शकत नाही. चाचणीनंतर मंच प्रत्येक प्रश्नाची सुलभता व भेदनक्षमता आकड्यांत दाखवितो. एखाद्या प्रश्नात चांगले विद्यार्थीच अधिक चुकलेले दिसले, तर दोष बहुधा प्रश्नात असतो. परंतु तो कोणता हे आकडा सांगत नाही. त्यासाठी उत्तरेच वाचावी लागतात.

सारांश, यंत्र आपल्या श्रमांचा भार हलका करते, जबाबदारीचा नव्हे. पूर्वी उत्तरपत्रिका वाचताना जो विवेक परीक्षक वापरीत असे, तो आता प्रश्न रचतानाच वापरावा लागणार आहे; आणि मराठीपुरता तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरविला नाही, तर अन्य कोणी पुरवील असे वाटत नाही.