विकत घेतलेले, पण आपले नसलेले

ग्रंथाचे परीक्षण करतात तसे करारनाम्याचेही करावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ई-पुस्तक घेताना ‘मान्य आहे’ या शब्दांवर आपण बोट ठेवतो. त्यामागचा मजकूर क्वचितच कोणी वाचतो. सारी नोकरी महसुली कागदांत गेल्यामुळे मी तो वाचला. पुस्तक विकल्याचा त्यात उल्लेखच नाही. वाचण्याचा परवाना दिला असून तो दुसऱ्यास देता येणार नाही, एवढेच आहे. पाटीवर मात्र ‘खरेदी करा’! खंडाच्या कागदाला खरेदीखत म्हणणाऱ्यास आमच्या कचेरीत काय म्हणत, ते येथे लिहीत नाही.

माझ्या कपाटात कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ आहे. पहिल्या पानावर निपाणीच्या आत्याचे नाव, त्याखाली वडिलांचे, मग माझे. यात बेकायदा काही नाही. एकदा विकली गेलेली छापील प्रत पुढे कोणाकडे जावी, हे ठरविण्याचा अधिकार १९५७चा स्वामित्वहक्क कायदा प्रकाशकास देत नाही. आपल्या घरांत मराठी टिकली ती बरीचशी अशा फिरत्या प्रतींवर. बेळगावचे सार्वजनिक वाचनालयही १८४८ पासून याच वाटेने चालत आले आहे. माझी नात बंगळूरला असते. ती मराठी वाचते, पण मोबाईलवर. माझी ई-पुस्तके तिच्या नावे करता येतील का, असे विक्रेत्यास विचारले. खाते हस्तांतरणीय नाही, असे उत्तर आले. म्हणजे आत्याची प्रत नातीला मिळेल, मी पैसे मोजून घेतलेली पुस्तके मिळणार नाहीत.

२००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसे परत दिले, पुढे क्षमाही मागितली. पण छापील प्रतीसाठी कोणी रात्री घरात शिरले असते काय?

लेखकाचे काय, असा प्रश्न रास्त आहे. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत लिहिणारे महादेव मोरे २०२४ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क २०८४ अखेरपर्यंत राहतील, आणि राहावेत. स्कॅन केलेली पुस्तके ‘मराठीची सेवा’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर धाडणाऱ्या स्नेह्यांशी माझे उघड भांडण आहे. उसनी प्रत एका वेळी एकाच घरात असते, फाईल शंभर घरांत. परंतु त्यांच्या चोरीचा दंड विकत घेणाऱ्याने का भरावा?

२०१२च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. कायद्याने न रोखलेल्या कामासाठी तोडण्यास मुभा आहे. मात्र तोडून देणाऱ्याने, ज्याच्यासाठी तोडले त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन नोंदवून ठेवायचे! माझ्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसालाही हसू आले. असा नोंदवहीवाला कुलूपतोड्या बेळगावात कोठे शोधावा?

२०१२ मध्येच हॅरी पॉटरची ई-पुस्तके विक्रीस आली, तेव्हा कुलपाऐवजी प्रत्येक प्रतीत खरेदीदाराशी जोडलेली खूण ठेवण्यात आली. प्रत बाजारात फुटली, तर ती कोणाची हे कळावे. मराठी प्रकाशकांना हे अवघड नाही. आत्यानेही पहिल्या पानावर नावच घातले होते.